जेलीचं बूच

घरात तिला चिमी म्हणायचे आणि प्रयोगशाळेतही तेच नाव पडलं. ताईची कृपा! थोरली बहीण त्याच संस्थेच्या मागच्या काचघरात नव्या जातीची रोपं वाढवायची आणि खुशाल खिडकीखालून हाक मारायची, "चिमे, जेवलीस का गं?" चारचौघांत! चिमीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चिमीचं काम नाजूक. केसाहून बारीक काचेची सुई मुळाच्या एका पेशीत टोचायची आणि पेशीच्या आत-बाहेर विजेचा फरक किती आहे ते मीटरवर बघायचं. जिवंत पेशी आपल्या पटलावर हा फरक जिवापाड राखून असते. कुठलं मीठ आत घ्यायचं आणि कुठलं दारातूनच पिटाळायचं, हे ती त्याच्याच जोरावर ठरवते. बशीतल्या पाण्यात मीठ घातलं की फरक धाडकन उतरतो. खमकं रोप थोड्या वेळात सावरतं. लेचंपेचं रोप सावरत नाही.

ताईचा सातू, म्हणजे तिने वाढवलेली जवाची नवी जात, सावरला नव्हता. समुद्रकाठच्या रानटी गवताशी संकर करून, जिवाचं रान करून तिने तो उभा केला होता, आणि चिमीने निकाल दिला की याला मीठ झेपत नाही. ताई एवढंच म्हणाली, "तू बघितलंस ना? मग झालं तर." साहेबांनी काचघर रिकामं करायला सांगितलं. रानटी संकराची नापास रोपं ओंब्या भरण्याआधी भट्टीत जाळायची, असा तिथला नियम. होतं नव्हतं तेवढं बी ताईने त्याच वाफ्यांत पेरलेलं.

काल दुपारी चिमीने संस्थेतला जुना, कितीही मीठ पचवून ढेकर देणारा सातू सहज लावून बघितला. तोही कोसळला तो कोसळलाच. आं? सुई बदलली, मूळ बदललं, तरी तेच. मग तिने बशीत मुळाशिवाय नुसतं पाणी ठेवलं, आणि ते पाणी आपोआप खारट होत गेलं.

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मीटरचं एक टोक पेशीत असतं, दुसरं बशीतल्या पाण्यात. त्या दुसऱ्या टोकाच्या नळीत पोटॅशियमचं दाट मिठाचं पाणी भरतात आणि तोंडाशी जेलीचं बूच बसवतात. ताईची मुळं आली त्याच दिवशी जुनी नळी फुटली होती. नवीचं बूच नीट थिजायच्या आतच चिमी बाईसाहेबांनी ती जोडली. चालतंय की, म्हणाल्या! ते बूच सारखं गळत होतं आणि ताईची बिचारी मुळं ठरल्याच्या कितीतरी पट मिठात बुडून मरत होती.

तेव्हाच खाली धावत जायचं ना? पण नाही. तिने फोन उचलला आणि ठेवला. आधी खात्री करू, उद्या सांगू, रोपं काय उद्या दुपारीच जाणार आहेत. स्वतःला दिलेल्या थापा सगळ्या! खरं म्हणजे साहेबांसमोर होणारी नाचक्की तिला नको होती. खिडकीतून ताई दिसली, रोपांना पाणी घालताना. ताईने वर बघितलं. चिमीने हात केला.

सकाळी तिने नवं बूच नीट थिजवलं. ताईच्या सातूची कापून आणलेली थोडी मुळं हवा सोडलेल्या पाण्यात अजून तग धरून होती. त्यातून रोप काही उगवणार नव्हतं, पण मोजता येणार होतं. तिने सुई टोचली, मीठ घातलं. फरक कोसळला, घुटमळला आणि डोळ्यांदेखत भरून आला. असा सावरणारा सातू तिने जन्मात बघितला नव्हता.

ती जिने उतरत धावत सुटली. काचघरात ताई झाडत होती. वाफे उघडे पडले होते.

"ताई, रोपं? दुपारी न्यायची होती ना?"

"होती गं. पण गाडी तुझ्या खिडकीखालून गेली असती. तुला उगाच लागून राहिलं असतं. म्हटलं, तू यायच्या आत उरकून टाकू."

चिमी रिकाम्या वाफ्याच्या कठड्यावर बसली आणि बुचापासून सगळं सांगून मोकळी झाली. रडू आवरेना.

"म्हणजे माझा सातू चांगला होता?" ताईने विचारलं. क्षणभर तिचा चेहरा लहान मुलीसारखा फुलला. "बघ! मी म्हणत होते की नाही?"

"हो, ताई."

मग तो चेहरा हळूहळू उतरला. "तुला कळलं कधी?"

"काल."

"काल तू खिडकीतून हात केलास. त्याच्या आधी, की नंतर?"

नंतर कळलं, असं म्हटलं असतं तर ताईने ते मुकाट्याने मानलं असतं. आजवर तिने चिमीचं सगळंच मानलं होतं.

"आधी," चिमी म्हणाली. "कळल्यावरच हात केला."

ताईने मान हलवली, झाडू उचलला आणि चिमीच्या पायांपाशी आल्यावर, तिच्याकडे न बघता म्हणाली, "पाय वर घे."