चाळीस झाडांना तिखाडीच्या चिंध्या

त्या वर्षी, म्हणजे १९५८ साली, शकुबाईच्या चाळीस संत्र्यांना पहिल्यांदाच फांद्या वाकतील एवढी फळं लागली होती, आणि तिन्हीसांज झाली की ती बागेत राखणीला उभी राही. बोरी अरबच्या शिवारात दिवेलागणीला पिवळ्या पंखांची मोठाली पाखरं, म्हणजे पतंग, येत, पिकत आलेल्या संत्र्यावर बसत आणि सोंड खुपसून रस पीत. भोक टाचणीएवढं, पण तिसऱ्या दिवशी फळ खाली. रोज सकाळी तिचा नवरा वामनराव टोपलंभर गळ वेचून उकिरड्यावर टाकी.

"दसऱ्यापर्यंत पाहतो," तो म्हणाला. "गळ नाई थांबली तं झाडं तोडून कपाशीची पऱ्हाटी लावतो."

सहा वर्षं कावडीनं पाणी घातलेली झाडं! शकुबाईला त्या दिवशी घास गेला नाही.

दसऱ्याला आठ दिवस उरले होते. तांड्यावरची बिजलीबाई रानातल्या भट्टीवरून परतत होती. तिथे तांब्याच्या डेगीत तिखाडी गवत उकळून त्याचं तेल काढत, आणि बिजलीबाई गवत कापायला जाई. पाणी प्यायला ती शकुबाईच्या बागेत एका झाडाखाली टेकली. पाखरं आली, पण तिच्या डोक्यावरच्या फांद्यांवर एकही बसेना.

"बिजले, तुह्या अंगाले कायचा वास येऊन राह्यला वं?" शकुबाईनं विचारलं.

"तिखाडीचा. घरवाला म्हणते, दूर बस. भट्टीवर मच्छर बी जवळ येत नाई."

"मच्छराचं सोड, पाखरू बी येत नाई! पाह्य तं वर!"

दोघी अंधार पडेपर्यंत माना वर करून बसल्या.

दुसऱ्याच दिवशी बिजलीबाईनं तेलाची बाटली आणून दिली. गावात हे तेल फक्त दुखऱ्या गुडघ्यांना चोळत. शकुबाईनंही तेच केलं. तळव्यावर तेल घेऊन एका झाडाचं फळन् फळ चोळून काढलं. दुपारच्या उन्हात सालीवर काळे डाग उठले. तिला रडूच कोसळलं.

"ये याडी, माय वं!" बिजलीबाई पोट धरून हसली. "संत्र्याचे गुडघे दुखत होते का?"

"हसतं काय? आता करू काय मी?"

"फळाले नोको लावू. माह्या ओढणीच्या वासानं पाखरू पळालं नं? मंग झाडालेच ओढणी देऊ."

जुनं लुगडं टराटरा फाटलं. चिंधीवर चार-चार थेंब, आणि झाडाला चार-चार चिंध्या. वाटेनं जाणाऱ्या उकंडा नावाच्या गावकऱ्यानं चपला काढून हात जोडले.

"वयनी, कोणती देवी बसली वं?"

"पाखरं हाकलणारी!" बिजलीबाई ओरडली.

सांज झाली. पाखरं आली, बागेवर घिरट्या घालू लागली. एक खाली उतरलं, फळापासून हातभर अंतरावर थरथरलं आणि गर्रकन वळून बांधापलीकडे गेलं. शकुबाईनं बिजलीबाईचं मनगट असं आवळलं की तिच्या बलोयांच्या जाड बांगड्या करकरल्या.

पण सकाळी टोपलं भरलेलंच! वामनराव कुत्सित हसला.

"झाली का तुमची देवी?"

"हे आधीचं टोचलेलं आहे," शकुबाई म्हणाली. "चौथ्या दिवशी बोला."

रोज सांजेला ती चिंध्यांवर नवे थेंब सोडी. दुसऱ्या दिवशी टोपलं भरलं, तिसऱ्या दिवशी अर्धं. चौथ्या सकाळी, दसरा तीन दिवसांवर आलेला असताना, वामनराव बागेत शिरला तो लवकर परतेचना. शकुबाई दारात उभी. अखेर तो आला, टोपलं पुढं केलं. तळाला दोन संत्री.

"सारी चाळीस झाडं पाह्यलीत ना?"

"दोनदा पाह्यली." त्यानं टोपलं खाली ठेवलं. "अवं, तेल किती उरलं?"

"बोटभर."

"बोटभरानं काय होते? दिवाळीपर्यंत पुरलं पाह्यजे." तो बैल सोडायला निघालासुद्धा. "भट्टीची वाट कोणती, नाल्यावरून का टेकडीवरून?"

"नाल्यावरून!" शकुबाईनं पदर खोचला आणि अनवाणीच तांड्याकडे धावत सुटली. गाडी जुंपायच्या आत बिजलीबाईला हे तिच्याच तोंडून कळायला हवं होतं.