अंजिराची सावली

आमच्या बेटावर घर एकाचं आणि अंगणातलं झाड दुसऱ्याचं, यात कुणाला नवल वाटत नाही. बापानं जाताना घर मला दिलं आणि अंजीर कालिरोईताईला. तेव्हापासून ताई रोज सकाळी न विचारता माझ्या अंगणात शिरते, झाडाला पाणी घालते, खुर्ची ओढते आणि माझं काय काय चुकतंय ते सांगत बसते.

मला ते घर विकायचं होतं. बायको बोटीनं पिरेयस शहरात मुलीकडे गेली ती गेलीच. फोनवर एकच पालुपद, "थ्रासोस, फुंकून टाक ते घर आणि ये." माझ्याही पायाला भिंगरी लागलेली. बंदरातून बोट सुटली की मी खुर्चीतून अर्धा उठायचो.

शेवटी गिऱ्हाईक मिळालं. योस्ट आणि मारैके, हॉलंडचे नवरा-बायको. आता फक्त ताई समोर यायला नको होती. रोज एक बाई अंगणात येऊन बसणार म्हटल्यावर घर घेतंय कोण?

ते यायच्या आदल्या संध्याकाळी मी तोंड पाडून ताईकडे गेलो. "ताई, वरच्या गावची अनेझिनामावशी गेली गं."

"अरे देवा! आणि तू दाढी करून हिंडतोयस?"

रात्रभर तिनं मयताला वाटायचे गोड गहू शिजवले, वर डाळिंबाचे दाणे पेरले आणि ताट घेऊन पहिल्या बसनं गेली. मी सुटलो.

पाहुणे आले. योस्टनं अंगणात डोळे मिटले. "मारैके, ऐक. काय शांतता!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. कमरेवर ताट घेतलेली ताई, आणि मागे चुन्यानं माखलेली अनेझिनामावशी.

"मेल्या, ही बघ तुझी मयत! शिडीवर चढून भिंत रंगवत होती!"

"मी गेले, तर मला कुणी सांगितलं कसं नाही?" मावशी म्हणाली.

पाहुण्यांनी हिवाळाभर क्लास लावून आमची भाषा शिकली होती, पण मयतापर्यंत त्यांचा धडा पोचला नव्हता. "स्वागताचा गोड पदार्थ!" म्हणत मारैकेनं दोन चमचे खाल्ले.

मावशी बघतच राहिली. "मलाही दे गं. माझेच आहेत."

"तुम्ही इथे नेहमी येता?" योस्टनं ताईला विचारलं. मी मागून हातवारे करत होतो.

"रोज. झाड माझं आहे. मेले तरी येईन. कधी मरणार ते याला विचारा, हाच ठरवतो."

"म्हणजे घराबरोबर झाड नाही, पण ताई आहेत?"

"हो," मी कण्हलो.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मारैकेनं ताईला मिठीच मारली. त्याच आठवड्यात सह्या झाल्या.

पिरेयसला मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. गॅलरीतून शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या चड्ड्या दिसायच्या. मी स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून स्वयंपाकघरात. "अरे, बस की एका जागी!" बायको वैतागली. ऑगस्टमध्ये "अंजीर घेऊन येतो" म्हणालो आणि बोटीत चढलो.

माझ्याच दारात योस्ट उभा. फार सभ्य माणूस. "थ्रासोस, अंगण आता आमचं आहे."

"आणि सावली?" आतून ताई ओरडली. "झाड माझं तर सावली कुणाची? ये रे, बस."

योस्टनं नीट विचार केला आणि मान्य केलं. त्यांच्याकडे नियम म्हणजे नियम.

तेव्हापासून मी सावलीत बसतो. पण सावली कुठे एका जागी बसते?

"थ्रासोस, तुमचा डावा पाय आमच्या उन्हात आलाय."

मी खुर्ची सरकवतो. कॉफी तोंडाला लावली की परत, "थ्रासोस, कोपर!" सकाळी भिंतीशी, दुपारी खोडाला चिकटून, मग दाराकडे. संध्याकाळी सावली उंबरा ओलांडून गल्लीत जाते आणि तिच्यामागून खुर्ची घेऊन मीही.

खाली बोटीचा भोंगा वाजतो. मी अर्धा उठतो.

"उद्या लवकर ये," म्हणत ताई आतून कडी लावते.