विदूषकाचा ‘पण’

मित्रांनो, मी एक जुना विदूषक आहे, पण लाकडाचा. बाहुल्यांचा खेळ करणाऱ्या बाबांनी मला कोरले. खालचा जबडा वेगळा बसवून त्याला दोरा बांधला. नाटकात माझ्या वाट्याला मोजके दोनच शब्द होते. राजा हुकूम सोडायचा, सगळा दरबार माना डोलवायचा आणि मी तोंड उघडायचो, “पण महाराज...” त्यापुढे काय, ते मलाही ठाऊक नाही, कारण तेवढ्यावरच मुलांची हसून मुरकुंडी वळायची. मला तर मूठभर मांस चढायचे, लाकडाचा असूनसुद्धा.

पुढे बाबांचे नाट्यगृह गळू लागले. सरकारी अनुदान मिळाले नसते तर ते बंदच पडले असते. अनुदान समितीचे एक साहेब खेळ पाहायला आले. माणूस वाईट नव्हता, चांगला पोट धरून हसला. मग चहा पिता पिता म्हणाला, “खेळ झकास आहे. तेवढा ‘पण’ काढा, म्हणजे मंजुरीला अडचण नाही.”

“साहेब, त्याला दुसरं काही बोलताच येत नाही,” बाबा म्हणाले.

“मग गप्प बसू दे. दिसायला गोड आहेच की.”

बाबा कितीतरी दिवस माझ्या दोऱ्याला हात लावायचे आणि मला तसेच पेटीत ठेवायचे. शेवटी त्यांनी माझ्या जबड्याचा दोरा सोडला. मला राग आला नाही, फार वाईट वाटले.

छप्पर नवे झाले. अनुदानातून मला दरवर्षी नवा रंगही मिळू लागला. राजाने हुकूम सोडला की मुले माझ्याकडे बघत थांबायची. हळूहळू तीही थांबेनाशी झाली. घरात आपल्या मुलीशी ऊठसूट हुज्जत घालणारे बाबा आता कुणी काहीही म्हटले तरी “बरं” म्हणायचे.

परवा मुलीने मला पेटीतून काढले. खेळ आता ती करणार आहे. तिने जबड्याला दोरा बांधून ओढला. मी सगळा जीव एकवटला, पण रंगाच्या थरांखाली जबडा घट्ट चिकटला होता.

“बाबा, याचं तोंड उघडत नाहीये.”

“बरं,” बाबा खुर्चीतून म्हणाले.

ती कितीतरी वेळ त्यांच्याकडेच बघत राहिली.

मित्रांनो, बाहुली जपायची म्हणजे ती नुसती रंगवून ठेवायची नसते, अधूनमधून तिला बोलतेही करायचे असते. माझे तोंड आता उघडेल असे वाटत नाही. तुम्ही कधी खेळाला आलात आणि राजाने हुकूम सोडल्यावर मी गप्प उभा दिसलो, तर तेवढा शब्द माझ्या वतीने तुम्ही म्हणा.