नसलेली प्रथिनं

प्लंबरच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, हे दोनदा तपासून झालं होतं. ते मुळात तयारच होत नाहीत, की तयार होऊन वाटेत अडकतात, एवढाच प्रश्न उरला होता. अडकत असतील तर ऑपरेशन करून ते बाहेर काढता येणार होते. तयारच होत नसतील तर स्वतःच्या मुलाची आशा फारच थोडी. हे ठरवायला वृषणाचा तुकडा काढावा लागतो, हे ऐकूनच प्लंबरने खुर्ची मागे सरकवली होती. म्हणून डॉक्टरीणबाईंनी आधी वीर्यातली दोन प्रथिनं तपासायला सांगितली, तेव्हा तो लगेच हो म्हणाला.

निकालाच्या दिवशी त्या म्हणाल्या, "दोन्ही जवळजवळ नाहीतच."

बायकोचा चेहरा पडला. "म्हणजे तेही नाही?"

"अहो, नाही तेच बरं. यातलं एक प्रथिन वृषणाला लागून असलेल्या नळीत बनतं. शुक्राणू तयार होत नसले तरी ते बाहेर येतंच. तुमच्या मिस्टरांचं आलेलं नाही, म्हणजे वाट बंद असावी."

"बघा!" बायको हसत सुटली. "जगाचे तुंबलेले पाइप मोकळे करत फिरता, आणि घरचाच राहिला!"

डॉक्टरीणबाईही हसल्या. प्लंबर मात्र बुटाच्या टोकाकडे बघत राहिला.

"डॉक्टर," तो शेवटी म्हणाला, "नमुना पूर्ण नव्हता."

"म्हणजे?"

"त्या खोलीतला नळ ठिबकत होता. टप, टप. माझं लक्ष सारखं तिकडेच. डबी धरायला उशीर झाला. सुरुवातीचं खाली सांडलं."

"नळ?" बायको म्हणाली. "तिथेसुद्धा?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ही प्रथिनं बरीचशी सुरुवातीच्याच भागात येतात. तेच सांडलं असेल, तर ती दिसली नाहीत यावरून मला काहीच म्हणता येणार नाही. पुन्हा द्यावा लागेल."

रस्त्यावर बायको पुढे पुढे चालत राहिली. कोपऱ्यावर थांबली ती केवळ सिग्नल लाल होता म्हणून.

"गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं?"

"ऑपरेशन करून घेतलं असतं आणि आत काहीच निघालं नसतं, तर? तू महिनाभर नावं शोधत बसली असतीस."

सिग्नल हिरवा झाला तेव्हा तिने त्याची बाही धरली.

दुसऱ्या वेळी ती सोबत गेली. काउंटरवरच्या नर्सला म्हणाली, "ताई, आतला नळ आधी घट्ट बंद करा. नाहीतर हे दुरुस्त करत बसतील." नर्सने हसू आवरलं, पण उठून बघून आली. प्लंबर कान लाल करून आत गेला आणि बाहेर आला तो ताठ मानेने.

"सगळं?" बायकोने हळूच विचारलं.

"थेंब न् थेंब."

फोन आला तेव्हा ती पोस्टाच्या काउंटरवर पार्सलांचं वजन करत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या वेळी नमुना पूर्ण होता आणि प्रथिनं तरीही नाहीत. पक्की खात्री ऑपरेशनच्या वेळीच होईल. पण शुक्राणू मिळतील असं धरूनच मी टेबलाशी उभी राहीन."

समोरच्या माणसाचं पार्सल काट्यावर तसंच ठेवून तिने नवऱ्याला फोन लावला. तो कुणाच्या तरी सिंकखाली आडवा होता. आवाज डब्यातून आल्यासारखा घुमत होता.

"अहो, नाहीयेत! दोन्ही!"

पलीकडून ठण्‌ असा आवाज आला.

"काय झालं?"

"उठायला गेलो. डोकं आपटलं."

"खूप लागलं?"

"लागलं," तो म्हणाला. तो हसत होता की रडत होता, तिला कळेना. "लागू दे गं. परत एकदा सांग."