त्याच्या डोक्यातली ती जागा

डॉक्टर, माझ्या नवऱ्याला देवाचा पत्ता तुम्ही दिलात. आता हात झटकू नका, फोनही ठेवू नका.

तो क्रेन चालवायचा. फिट आली की ना तोंडाला फेस, ना हातपाय झाडणं. मागे कुणीतरी येऊन उभं राहतं, देवच तो, म्हणायचा, आणि मग मरण म्हणजे काय तेच आठवत नाही. एकदा त्याच भरात बेल्ट सोडून क्रेनच्या आडव्या लोखंडावरून चालत गेला. खाली मजूर हात जोडून उभे.

मग तुम्ही कवटी उघडलीत. त्याला शुद्धीत ठेवून मेंदूत एका ठिकाणी करंट दिलात. "आला, आला," म्हणत तो रडला. तुम्ही हरखलात. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून पुन्हा दिलात. बाहेर येऊन म्हणालात, "वहिनी, सापडला तुमचा देव! वाटाण्याएवढी जागा आहे."

तुम्हाला वाटलं, खूळ जाईल. त्याने उलटंच धरलं.

"जागा आहे म्हणजे कुणाच्या तरी येण्यासाठीच असणार. नुसत्या भिंतीला कुणी दार ठेवतं का?"

"दार कसलं रे, जखम आहे ती."

"तू डॉक्टर कधी झालीस?"

"तू संत झालास त्याच दिवशी!"

तुमच्या गोळ्यांनी ते येणं थांबलं. हा घरात भाडेकरूसारखा वावरू लागला. जेवताना मागे वळून बघायचा. त्याचं बघून मीही बघू लागले. कुणी नसायचं, तरी मानेवर काटा यायचा. आज अभ्रे धुवायला काढले, तर त्याच्या उशीतून गोळ्या निघाल्या. थुंकीने एकमेकींना चिकटलेल्या. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला, "वहिनी, ताबडतोब या. त्याला खालचं काम दिलंय आणि हा वर चढलाय."

मी क्रेनखाली उभी आहे. बेल्ट मोकळा लोंबतोय. सुपरवायझर म्हणतो, ओरडू नका, दचकेल. अहो, तो दचकत नाही हीच तर माझी भीती आहे! खांद्यामागे बघून हसतोय. कुणालातरी वाट करून दिल्यासारखा कडेला सरकतोय.

देवाची जागा दाखवलीत. भीतीची कुठे असते, ते सांगितलंत का त्याला? तिथे काही शिल्लक ठेवलंय का? मी इथून काय ओरडू, म्हणजे तो खाली बघेल? बोला ना, डॉक्टर!