पिनांची माळ

यादवराव एक दिवस माझ्यासमोर हात जोडून उभा राहील, हे चित्र मी कित्येक वर्षं मनात घोळवत होतो.

सातपूरच्या आमच्या कारखान्यात तो प्रॉडक्शनचा साहेब होता आणि मी तपासनीस. १९९४ च्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. यादवरावनं मोठ्या भक्तीनं पिना तपासायच्या कड्यांनाही तेलात कालवलेलं कुंकू आतूनबाहेरून फासलं. या कड्या दोन असतात. एकीतून पिन गेलीच पाहिजे, दुसरीतून जाता कामा नये. गेली तर पिन बारीक, म्हणजे बाद.

दसऱ्यानंतर मी तापानं घरी पडलो होतो. त्यानं स्वतःच माल तपासून पाठवला. दुसरी कडी वाळलेल्या कुंकवानं आतून आवळली होती. बारीक पिनाही तिच्यात अडकल्या आणि चांगल्या ठरल्या.

माल परत आला. यादवरावनं त्या पिनांच्या टोकाच्या भोकांतून तार ओवली आणि सगळ्यांसमोर माझ्या गळ्यात घातली. "मिरवा मास्तर! एवढी पुस्तकं वाचून हेच शिकलात?"

सगळे हसले. माल तपासला तेव्हा मी घरी होतो, एवढंही माझ्या तोंडून फुटलं नाही. माळ मात्र मी जपून ठेवली.

२००३ मध्ये मी अंबडच्या एका कंपनीत होतो. बाहेरून येणारा माल माझ्या टेबलावर तपासला जाई. दसऱ्यानंतर यादवरावच्या नव्या वर्कशॉपचा पहिला माल आला. पास झाला तर त्याला वर्षभराचं काम मिळणार होतं.

मी माझी दुसरी, जिच्यातून पिन जाता कामा नये ती कडी पुसली. पिन सरळ आरपार गेली. पुढचीही. मला इतका आनंद झाला की माझाच माझ्यावर विश्वास बसेना. शेजारच्या टेबलावरच्या उज्वलाला बोलावलं. माल कुणाचा, ते सांगितलं नाही.

"काका, यात बघायचं काय? सगळ्या बारीक आहेत."

दुपारी यादवराव धावत आला. "मास्तर, तुम्ही तर घरचे! माझ्याकडं एकूणएक पिन पास हाय. ही बघा माझी कडी."

मी तिच्यात पांढरं फडकं फिरवलं. लालभडक निघालं.

"देवाचं हाय ते," तो ओशाळला. मग त्यानं हात जोडले. "एवढ्या बारी सांभाळून घ्या."

मी खणातून गंजलेली माळ काढून पुढे ठेवली. त्यानं ती उलटसुलट पाहिली. "हे काय?"

त्याला आठवतच नव्हतं! इतकी वर्षं पाठ केलेली वाक्यं वायाच गेली. "घाला," एवढंच म्हणालो.

"गळ्यात?"

मी मान हलवली. त्यानं उज्वलाकडे चोरून पाहिलं आणि माळ घातली. पांढऱ्या शर्टावर गंज उमटला. "आता करता ना पास?"

मी त्याच्या पेटीवर लाल चिठ्ठी चिकटवली.

"मग ही कशाला घालायला लावली, मास्तर?"

"बसते का, ते बघत होतो."

तो सुन्न होऊन तसाच गेटकडे निघाला. पाळी सुटत होती. गळ्यातली माळ काढायचं त्याला सुचलं नाही. मीही हाक मारली नाही. थोड्या वेळानं गेटवरचं हसणं माझ्या टेबलापर्यंत ऐकू आलं.