ठमी, आजी आणि पाणी

“वहिनी, ठमी आईच्या मांडीवरून उतरत नाही आणि आई पाणी पीत नाही. लक्ष ठेव,” नणंद जाताना म्हणाली होती. नणंदांना निघताना काहीतरी बोलावंच लागतं, असं म्हणून मी ते हसण्यावारी नेलं. माझ्या लेकीचं, ठमीचं अंग जरा कोमट लागलं की थर्मामीटर शोधणारी मी. मोठी माणसं आपापलं बघतील, असं धरून चालले होते.

ठमी दुपारी फक्त आजीच्या मांडीवर झोपायची. खाली ठेवली की डोळे टक्क उघडे. म्हणून सासूबाई पाणीच टाळायच्या. पाणी नको, म्हणजे उठायला नको. लघवीची घाई झाली तरी मी ऑफिसातून येईपर्यंत तशाच बसून.

मंगळवारी आले तर त्या थंडीनं कुडकुडत होत्या, शेजारी ठमी रडून लाल.

“कुणाची हो ही पोर?” त्यांनी मला विचारलं. “हिची आई कुठंय?”

मी ठमीला कडेवर घेतलं आणि नवऱ्याला बोलावलं.

“वय झालं तिचं,” नवरा म्हणाला.

“सकाळी माझ्या केर काढण्याला नावं ठेवत होत्या. एका दिवसात वय होतं?”

आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आधी लघवी तपासायला पाठवली. नणंदेचं बोलणं आठवून मी त्यांना पाण्याचं आणि दिवसभर न उठण्याचं सांगितलं.

“बहुधा ई. कोलाय. हे जंतू आतड्यात गुपचूप राहतात, पण मूत्रमार्गात शिरले की वर चढतात. पाणी कमी, त्यात लघवी तुंबवलेली. त्यांचं आयतंच फावतं. इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलंय. तापामुळे भ्रम झालाय.”

“त्या पहिल्यासारख्या होतील ना?”

“बहुतेक होतील. शिरेतून औषध सुरू करतेय. कल्चरचा, म्हणजे जंतू वाढवून बघतात त्या तपासणीचा रिपोर्ट आला की लागलं तर बदलू.”

ताप उतरला त्या सकाळी सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “स्वेटर उलटा घातलायस.”

खरंच उलटा होता. बोलणी खाऊन इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

“लघवीला जळजळ होत होती का?” मी विचारलं.

“होत होती की.”

“मग सांगायचं ना, आई.”

“असलं काय सुनेला सांगायचं? आता काय, अख्ख्या वॉर्डाला माहितीय.”

आता गोळ्यांचा कोर्स पुरा होतोय. ठमी गादीवर थोडी कुरकुरते आणि झोपते. आजी खुशाल उठून जाते.

तुमचं मूल ज्यांच्या भरवशावर सोडून तुम्ही बाहेर पडता, त्यांना आज विचारा: दिवसभरात पाणी किती प्यालात, लघवीला जळजळ होत नाही ना? ‘काही नाही गं’ म्हणतील. शेजारी बसून पुन्हा विचारा.